गेटच्या आत, गेटच्या बाहेर : सर्वंकष सत्ता आणि व्यक्ती

प्रास्ताविक

सर्वंकष सत्ता व्यक्तीवर नियंत्रण कसे ठेवते आणि साहित्याने त्या नियंत्रणाचे चित्र कसे रेखाटले, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत. आरंभी संज्ञेकडे पाहू. ‘हुकूमशाही’, ‘एकाधिकारशाही’ आणि ‘सर्वंकष सत्ता’ हे तीन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. अभ्यासात मात्र त्यांच्यात भेद करावा लागतो. हुकूमशहाला आज्ञापालन हवे असते. कर भरा, बंड करू नका, बाकी घरात काय वाटेल ते करा, इतक्यावर त्याचे भागू शकते. सर्वंकष सत्तेचे तेवढ्यावर भागत नाही. तिला माणसाचा फुरसतीचा वेळ हवा असतो, मैत्री हवी असते, मुलांचे शिक्षण हवे असते, आणि शेवटी मनात चाललेले बोलणेही हवे असते.

मूळ युरोपीय संज्ञा इटलीतील. मुसोलिनीच्या जोव्हानी आमेंदोला या विरोधकाने १९२३ मध्ये ती टीका म्हणून वापरली. मुसोलिनीने पुढे तीच अभिमानाने स्वीकारली. मराठीत तिच्यासाठी रूढ झालेला ‘सर्वंकष’ हा शब्द मला मूळ शब्दापेक्षाही नेमका वाटतो. संस्कृतातील ‘कष्’ या धातूचा अर्थ घासणे, खरवडणे. सोने घासून पाहण्याचा ‘निकष’ याच धातूपासून आला. सर्वंकष म्हणजे सगळे घासून, खरवडून काढणारे. मल्लिनाथाने ‘शिशुपालवधा’वरील आपल्या टीकेला ‘सर्वंकषा’ हे नाव दिले, कारण तिने काव्याचा एकही कोपरा अस्पर्शित ठेवला नव्हता. टीकेच्या बाबतीत हा गुण आहे. सत्तेच्या बाबतीत तोच शब्द भयावह होतो.

गेटची कसोटी

एखादी व्यवस्था सर्वंकष आहे की केवळ कडक आहे, हे ओळखायचे कसे? त्यासाठी आपण फार दूर जाणार नाही. घोडपदेवला जाऊ. रामभाऊ भोगले मार्गावर न्यू हिंद मिलच्या जागेत आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत राहणाऱ्या आपल्यापैकी काही विद्यार्थ्यांना ‘गेट’ हा शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून ठाऊक असेल.

गिरणीतील शिस्त कठोर होती. भोंगा झाला की गेटात शिरायचे. साचेखाते असो वा त्रासनखाते, डोक्यावर जॉबर. कामावर घेणे, काढणे, रजा, बढती हे सारे एके काळी त्याच्या मर्जीवर चाले. कायम नसलेल्या कामगाराने रोज सकाळी ‘बदली’ मिळण्याच्या आशेने गेटवर उभे राहायचे. जॉबरच्या या सत्तेला आळा घालण्यासाठी मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली, आणि मग कामगाराच्या हाती एक कार्ड आले. सुटताना झडती. म्हणजे आठ तास माणसाचे शरीर, वेळ आणि हालचाल ही सर्व दुसऱ्याच्या ताब्यात.

मात्र पाळी संपली की कामगार गेटबाहेर पडे, आणि तेथे दुसरे जग सुरू होई. गावकीची खोली, खानावळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय, युनियनची कचेरी, नाक्यावरची सभा, शाहिराचा पोवाडा. गणपतीला, शिमग्याला तो कोकणात जाई, कधी रजा मिळाली म्हणून, कधी न मिळताही. जॉबरबद्दल काय वाटते ते तो खोलीवर मोकळेपणाने बोलू शके. नारायण सुर्वे यांची कविता आणि अण्णा भाऊ साठे यांची लोकनाट्ये घडली ती या गेटबाहेरच्या जगात. त्या जगातही जात होती, दादागिरी होती, सावकार होता. ते रम्य होते असे समजण्याचे कारण नाही. ते एका मालकाचे नव्हते, एवढाच येथे मुद्दा आहे.

ही आपली कसोटी : व्यक्तीला ‘गेटबाहेर’ जाता येते का? अत्याचार किती झाला यावरून सर्वंकष सत्ता ओळखता येत नाही. अत्याचार तर सर्वच प्रकारच्या राजवटींनी केलेले आहेत. सत्तेच्या आवाक्याबाहेर काय उरले, हे पाहावे.

बाहेरचे जग ताब्यात घेणे

ही कसोटी लावून आता इतिहासाकडे वळू. नाझी राजवटीने १९३३ मध्ये १ मे हा पगारी सुट्टीचा दिवस जाहीर केला. कामगार चळवळ अनेक वर्षे जे मागत होती ते सरकारने देऊन टाकले, मोठमोठी संचलने झाली. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभरातील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. संघटनांच्या जागी मालक आणि कामगार दोघांनाही सामावून घेणारी एकच सरकारी ‘जर्मन श्रमिक आघाडी’ आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्याच अंतर्गत कामगारांच्या फुरसतीसाठी एक संस्था निघाली. ‘आनंदातून शक्ती’ असा तिच्या नावाचा अर्थ. सहली, नाटके, मैफली, खेळ, समुद्रपर्यटन हे सर्व ती स्वस्तात देई. कामगारांना ते आवडतही होते.

येथे क्षणभर थांबून एक कल्पना करून पाहा. घोडपदेवचे भजनी मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय आणि कोकणात जाणारी गाडी हे सर्व गिरणीच्याच कचेरीतून चालवले जात आहे, आणि त्या कचेरीबाहेर दुसरे कोणतेही मंडळ काढण्यास बंदी आहे. मारहाण नाही, झडती नाही, उलट तिकिटात सवलत आहे. गेट कोठे गेले? ते सरकत सरकत वस्तीच्या पलीकडे गेले, आणि आता सगळी वस्तीच आत आहे. सर्वंकष नियंत्रणाचे हे वैशिष्ट्य पाठ्यपुस्तकांत नेहमी दुर्लक्षिले जाते. ते अनेकदा सोयीच्या रूपाने येते.

सोव्हिएत संघात हालचालीवरील नियंत्रण अधिक उघड होते. डिसेंबर १९३२ मध्ये अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाली. शहरातील रहिवाशाला पारपत्र मिळे. सामुदायिक शेतीवरील बहुसंख्य शेतकऱ्यांना ते मिळत नसे, त्यामुळे परवानगीवाचून गाव सोडून शहरात स्थायिक होणे त्यांना अशक्य झाले. ही स्थिती बदलण्याचा निर्णय झाला तो १९७४ मध्ये. २६ जून १९४० च्या हुकुमाने परवानगीवाचून नोकरी सोडणे हा गुन्हा ठरला. वीस मिनिटांहून अधिक उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि तिला सहा महिन्यांपर्यंत पगारातून कपातीची शिक्षा. आपल्याकडचा बदली कामगार गरीब होता, असुरक्षित होता, परंतु जॉबरशी भांडून तो पलीकडच्या गिरणीच्या गेटवर जाऊन उभा राहू शकत होता.

भाषा आणि नाव

भाषेचा अभ्यासक म्हणून या भागावर मी जरा अधिक रेंगाळणार आहे.

व्हिक्टर क्लेम्परर हे ड्रेस्डेन येथील फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक. ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये त्यांना विद्यापीठातून काढण्यात आले, पुढे ग्रंथालयेही बंद झाली. पुस्तकांवाचून भाषाशास्त्रज्ञाने काय करावे? त्यांनी कानावर पडणारे शब्द दैनंदिनीत टिपले. मृत्यूच्या सूचना, दुकानातील संभाषणे, वर्तमानपत्रांचे मथळे. १९४७ मध्ये या टिपणांतून त्यांचा नाझी भाषेवरील ग्रंथ सिद्ध झाला. त्यांच्या निरीक्षणांपैकी एकच सांगतो : ‘धर्मवेडा’, ‘माथेफिरू’ या अर्थाचे पूर्वी निंदाव्यंजक असलेले विशेषण त्या काळात गौरवाचे झाले. निष्ठा ‘माथेफिरू’ असली तरच ती खरी निष्ठा. आपल्या रस्त्यांवरील फलकांत ‘कट्टर’ हे विशेषण आज कोणत्या अर्थाने येते, याचे निरीक्षण आपण स्वतः करू शकता. शब्द तोच राहतो, त्याच्यामागचा निवाडा उलटतो, आणि तो केव्हा उलटला हे बोलणाऱ्यालाही कळत नाही.

नावावरही सत्तेचा हात पडतो. १७ ऑगस्ट १९३८ च्या आदेशाने, ज्यांची नावे सरकारी यादीत ज्यू म्हणून नोंदलेली नव्हती अशा ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून लावणे बंधनकारक झाले. नाव हे आईबापांनी दिलेले, हाक मारण्यासाठीचे. आता ते ओळख पटवून बाजूला काढण्याची खूण झाले.

ऑर्वेलच्या ‘१९८४’ (१९४९) या कादंबरीतील ‘नवभाषा’ आपण ऐकली असेल. शब्दच काढून टाकले की विचारही करता येणार नाही, अशी त्या राजवटीची योजना असते. कादंबरी थोर आहे, परंतु हे गृहीतक भाषाविज्ञानाला फारसे मान्य होण्यासारखे नाही. बोलणारे नवे शब्द घडवतात, जुन्यांना वाकडे करतात, कुजबुजतात, विनोद करतात. स्टालिनच्या काळात विनोद सांगितल्याबद्दल लोक शिबिरांत गेले, याचा अर्थच असा की विनोद सांगितले जात होते. त्याच कादंबरीतील दुसरे निरीक्षण मला अधिक खरे वाटते. विन्स्टनच्या शेजाऱ्याला त्याची स्वतःची लहान मुलगी पकडून देते, कारण तो झोपेत बोलला. शब्द शिल्लक होता. तो निर्धास्तपणे उच्चारावा असे ठिकाण शिल्लक नव्हते.

मराठीतील एक प्रयोगही येथे पाहू. ‘कळविण्यात येते की’, ‘अटक करण्यात आली आहे’, ‘झोपड्या हटविण्यात आल्या’. ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही. कोणी कळविले, कोणी हटविल्या? वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे, माणूस मात्र गायब आहे. रचना स्वतः निर्दोष आहे, मीही वर कामगार संघटनांच्या कचेऱ्यांबद्दल आणि क्लेम्पररबद्दल ती वापरली. परंतु सत्तेला ती इतकी प्रिय का, याचा विचार करावा.

दोन मराठी कलाकृती

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका जहाजावर चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी भेटतात. मुंबई आली की चक्रधर उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही. तिला कोठेच उतरता येत नाही, आणि अखेर ती समुद्रात जीव देते. प्रेमकथा म्हणून ही कादंबरी खूप वाचली गेली. आपण तिच्याकडे या घटकाच्या दृष्टीने पाहावे. जर्मनीची छळछावणी कादंबरीत समोर येत नाही, समोर येते ती जमीन हरवलेली व्यक्ती. येथे आपली कसोटी एक वेगळे वळण घेते. हॅर्टाला गेटबाहेर काढलेले आहे, पण बाहेर जगच नाही. घोडपदेवपासून फार लांब नसलेल्या मुंबई बंदरात तिचे जहाज लागते, आणि हे शहर, ज्याने अर्ध्या कोकणाला पोटात घेतले, तिच्यापुरते केवळ धक्क्यावरचे दृश्य राहते.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ची (१९७२) गोष्ट वेगळी. अठराव्या शतकातील पुणे हे आधुनिक अर्थाने सर्वंकष राज्य नव्हे. तेव्हा तेवढी यंत्रणाच नव्हती. नाटकातला घाशीराम आपली मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो आणि ज्या शहराने त्याला चोर ठरवले त्याचा सूड घेतो. रात्री बाहेर पडायला परवाना, आणि मग जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टींनाही परवाना. संशयिताच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा. हे सर्व विद्यार्थी लिहितात. उत्तरपत्रिकांत सहसा न येणारी गोष्ट म्हणजे रंगमंचावरचा तो माणसांचा पडदा.

ब्राह्मणांची एक रांग प्रेक्षकांकडे तोंड करून गाते, डोलते. तीच रांग पाठ फिरवते, आणि तिच्यामागे नको ते घडते. पुन्हा तोंड फिरवते तेव्हा भजन चालू. भिंत दगडाची असती तर तिला दोष देता आला नसता. ही भिंत पुणेकरांची आहे. ज्यांच्यावर कोतवालाचे हंटर पडतात तेच गौरीला झाकणारी भिंत झालेले असतात. घाशीराम अखेर जमावाकडून मारला जातो, मृत्युपत्रावर सही नानाचीच असते, आणि नाना सुखरूप राहतो. १९७२-७३ मध्ये वाद झाला तो नाना फडणवीसांच्या प्रतिमेवर आणि ब्राह्मणांच्या चित्रणावर. वाद समजण्यासारखा होता. परंतु रांगेत आपण कितव्या जागी उभे आहोत, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला, असे मला वाटते. शेजाऱ्याने पाठ फिरवल्याखेरीज कोणतेही नियंत्रण घराच्या आत पोहोचत नाही.

आणीबाणी : कसोटी जवळून

२५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत टिकली. या काळाला सर्वंकष सत्ता म्हणावे का? परीक्षेत हा प्रश्न येऊ शकतो, आणि ‘होय’ वा ‘नाही’ एवढे उत्तर पुरणार नाही.

काय काय आत घेतले गेले ते आधी पाहू. शाह आयोगाच्या आकडेवारीनुसार ‘मिसा’ आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून एक लाख दहा हजारांवर माणसे तुरुंगात गेली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले. निषेध म्हणून काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा कोरी जागा सोडण्यालाही मनाई झाली. गप्प बसणे हेही बोलणे आहे, हे अधिकाऱ्यांना बरोबर कळले होते. सप्टेंबर १९७५ मध्ये अध्यादेश काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. गिरणगावच्या घरात त्याचा अर्थ दिवाळीचे कपडे असा होता, आणि त्याविरुद्ध संपाची वाट मोकळी राहिली नव्हती. जानेवारी १९७६ मध्ये मुंबईतील झोपड्यांची गणना होऊन फोटोपास देण्यात आले. या फोटोपासाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे. त्याने माणूस नोंदला गेला, आणि पुढे त्याच कागदाच्या आधारे अनेक कुटुंबांनी आपला हक्कही सांगितला.

सर्वांत आत पोहोचला तो कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीची नसबंदी कायद्यात आणणारे विधेयक देशात प्रथम मंजूर केले ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, १९७६ मध्ये. तीन वा अधिक मुले असलेल्यांना ते लागू होणार होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. पुरोगामी म्हणून स्वतःचा उल्लेख करणाऱ्या राज्याने हे पान विसरू नये.

भाषेच्या बाजूने एक प्रसंग बोलका आहे. पवनारला मौनात असलेल्या विनोबांनी लिहिलेला ‘अनुशासन पर्व’ हा शब्दप्रयोग सरकारी प्रचाराने उचलला आणि तो भिंतीभिंतींवर गेला. मौन संपल्यावर विनोबांनी भेद स्पष्ट केला : शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. आपल्या परंपरेत व्याकरणालाही शब्दानुशासन म्हणतात. ते दंडाने चालत नाही, प्रयोग पाहून नियम सांगते. पण खुलासा शब्दाइतका दूर जात नाही.

आता बाहेर काय उरले ते पाहू. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्यासाठी भर संमेलनात प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांना मंत्र्यांच्या उपस्थितीत विरोध केला. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, सरकारशी मतभेद व्यक्त करणे एवढ्याने मजकूर रोखता येत नाही, असा निर्णय दिला. मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. खन्ना यांचा अपवाद वगळता, स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागण्याचा मार्गच बंद केला. एक दार अर्धे उघडे, दुसरे बंद.

साहित्य संमेलन ही संस्था १९७५ मध्ये सरकारची नव्हती. निधी, मंडप, स्वागताध्यक्षपद यांतून सत्ता तिच्यात पुष्कळ शिरलेली होती, तरीही अध्यक्षाची निवड साहित्यिकांच्या हाती होती. तेवढ्या फटीतून कऱ्हाड घडले. १९३४ च्या बर्लिनमध्ये अशी फट नव्हती. म्हणून आणीबाणीला सर्वंकष राजवट म्हणणे मला अचूक वाटत नाही. ती सर्वंकष होऊ पाहणाऱ्या साधनांची एकवीस महिन्यांची राजवट होती.

संपर्कसत्रात एक प्रश्न हमखास येतो : “सर, आमच्या कंपनीत तर जिन्यातसुद्धा कॅमेरा आहे. हे काय वेगळे?” कॅमेऱ्याने गेट सर्वंकष होत नाही. मात्र रात्री अकरा वाजता कामाच्या ग्रुपवर आलेल्या संदेशाला अंगठा दाखवावाच लागतो, किंवा घरच्यांशी केलेली थट्टाही कोणी ‘स्क्रीनशॉट’ काढील या भीतीने लिहून पुसली जाते, तेव्हा गेट आपल्या खिशात आलेले असते. ते कोणी आणले, याचे उत्तर ‘-ण्यात आले’ असे देऊ नये.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील वा वस्तीतील एखाद्या निवृत्त कामगाराशी बोलून, पाळी संपल्यानंतरचे त्यांचे जग कोणत्या संस्थांनी बनले होते ते लिहा. त्यांपैकी कोणती संस्था मालकाची वा सरकारची होती, ते नोंदवा.

२. ‘घाशीराम कोतवाल’मधील माणसांचा पडदा काढून तेथे साधा कापडी पडदा लावला, तर नाटकाच्या अर्थात काय बदलेल? दीड पानात चर्चा करा.

३. आठवडाभरातील वृत्तपत्रांतून ‘-ण्यात आले’ या रचनेची दहा वाक्ये जमवा. प्रत्येक वाक्यात कर्ता घालून ते पुन्हा लिहा. कोणत्या वाक्यांत कर्ता घालणे आपल्याला जमले नाही, आणि का?

४. ‘रणांगण’मधील हॅर्टा मुंबईत उतरली असती, तर तिला या शहरातील कोणत्या वस्तीत जागा मिळाली असती असे आपल्याला वाटते? कादंबरीतील तपशिलांच्या आधारे लिहा.